संपादन

रात्रीचे साडेअकरा झाले, झोप नाही. गोष्ट एवढीशीच आहे पण दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

पोळा आलाय म्हणून सोनूला शाळेत मारबतीवर, म्हणजे आपल्या नागपुरात मिरवणूक काढून जाळतात त्या पुतळ्यांवर, प्रोजेक्ट दिलाय, तो फोनमधल्या एआयला विचारून वहीत उतरवून राहिला होता. "मावशी, ऐक नं, किती मस्त सांगितलं याने." ऐकलं. शब्द फिरवलेले, पण क्रम तोच, मांडणी तीच, विकिपीडियावर मी लिहिलेला परिच्छेद. त्यासाठी जागनाथ बुधवारीत भर उन्हात उभी राहून एका आजोबांना किती पिडलं होतं मी.

नावाचं म्हणाल तर तिथे कोण नावासाठी लिहितं. लायसन्सची अट एवढीच की वापरा, पण कुठून घेतलं ते सांगा आणि पुढेही तसंच खुलं ठेवा. ते फोनने सांगितलं नाही. जाऊ दे.

पण साल उलटं होतं हो. काळी मारबत १८८१ची, पिवळी १८८५ची, आणि याने काळीला १८८५ची करून टाकली. माझा हात सवयीने वर गेला, विकिपीडियावरचं 'संपादन'चं बटण शोधायला. नव्हतं. कुठेच नव्हतं. मग फोनलाच लिहिलं, साल चुकलंय म्हणून, तर "माफ करा, तुमचं बरोबर आहे", आणि लगेच दुरुस्त. पण कोणासाठी? सोनूच्या फोनापुरतं. उद्या महाल भागातल्या दुसऱ्या पोराने विचारलं की परत १८८५च सांगेल कदाचित.

मी विकिपीडियावर आले तीच एका चुकीपायी. कुणीतरी 'अंबाझरी' चुकीचं टाईप केलं होतं, मी बदललं, आणि ते खरंच बदललं! सगळ्यांसाठी. तेव्हापासून अडकले ते अडकलेच. आता जो वाचायला येणारच नाही त्याला चूक दिसणार कुठे, आणि दिसली तरी हात कुठे लावणार तो? २०२५च्या ऑक्टोबरात विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानेच सांगितलं की माणसांचे पेजव्ह्यू, म्हणजे माणसांनी पानं उघडणं, वर्षभरात साधारण ८ टक्क्यांनी घटले. तेव्हा वाचून सोडून दिलं होतं. आज कळलं त्यातला प्रत्येक जण म्हणजे एक न आलेली मी.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनाला. तेव्हापासून किती जणांनी नोकऱ्या, पोरंबाळं सांभाळून लिहिलं... असो.

सोनूवर मात्र राग येत नाही. त्याला जे हाताशी आहे ते तो वापरणारच, मीही त्या वयात गाईडमधूनच उतरवलं असतं. रात्री त्याला लॅपटॉपवर पान उघडून दाखवलं, 'इतिहास पहा' दाबलं, एकेक बदल, एकेक तारीख. बराच वेळ खाली खाली सरकवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मीपण बदलू शकतो?"

तान्ह्या पोळ्याला त्याला इतवारीत नेते. बडग्यांचे, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्यांचे, फोटो तो काढेल, चढवायचे कसे ते मी दाखवीन.