सोन्याच्या कणांनी कॅन्सर जाळतात म्हणे?

मी सोन्याच्या नॅनोकणांवर काम करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "ते कण टोचून, वरून प्रकाश टाकून कॅन्सर जाळतात म्हणे. मग आपल्याकडे का नाही करत?" त्यामागोमाग ठरलेलं वाक्य येतं, "म्हणजे आपलं सुवर्णभस्मच की!"

भस्माचं आधी उरकते. नाही. इथे सोनं औषध म्हणून काही करतच नाही. ते प्रकाश शोषून तापतं, आणि त्या उष्णतेने आजूबाजूच्या पेशी मरतात. प्रकाश नसेल तर कण नुसते पडून राहतात.

खरी करामत आहे ती रंगाची. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लाल दिसतं, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन गिळतं. लालच्या जरा पलीकडे, साधारण 700 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), रक्तही प्रकाश कमी शोषतं आणि पाणीही. शरीरात खोल शिरायचं तर याच वाटेने. पंचाईत अशी, की सोन्याचे साधे गोल कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. (त्यांचं द्रावण सोनेरी नसतं, लाल असतं. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हमखास निराश होतात.) ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास यांनी यावर तोड काढली. आत सिलिकाची (वाळूत, काचेत असतं त्या पदार्थाची) गोळी, वर सोन्याचा पातळ थर. थराची जाडी बदलली की शोषला जाणारा रंग सरकतो. 2003 साली त्यांनी आणि जेनिफर वेस्ट यांनी सहकाऱ्यांसह उंदरांमधल्या गाठी अशा कणांनी तापवून दाखवल्या. इतकी देखणी कल्पना माझ्या विषयात दुसरी नाही, असं माझं मत आहे.

माणसांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरचे 16 रुग्ण, तेही कमी किंवा मध्यम जोखमीचे. सुमारे 150 नॅनोमीटरचे कण शिरेतून दिले आणि लेसरची बारीक तार थेट गाठीत घातली. 15 जणांवर उपचार पूर्ण झाला, आणि लघवीच्या किंवा लैंगिक तक्रारींत लक्षणीय वाढ झाली नाही. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काय सोसावं लागतं हे ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना याचं मोल सांगायला नको.

मग अडतं कुठे? "वरून प्रकाश टाकून" इथेच. सोयीचा रंग निवडला तरी प्रकाश फार तर एखाद-दोन सेंटिमीटर उपयोगी पडतो, म्हणून तर तार आत घालावी लागली. गाठ नेमकी कुठे आहे हे ठाऊक असेल तर हे जमतं. यकृतात, हाडांत, फुप्फुसांत पसरलेल्या आजारात कुठे कुठे तारा घालणार? आणि मला विचारणाऱ्यांच्या घरचं माणूस बहुतेक वेळा त्याच टप्प्यावर असतं. दुसरं, कण गाठीपर्यंत फारसे पोचतच नाहीत. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये प्राण्यांवरचे दहा वर्षांतले प्रयोग तपासले, तेव्हा टोचलेल्यांपैकी गाठीत पोचणाऱ्या नॅनोकणांचं मध्यक (सगळे आकडे ओळीने मांडले की मधोमध येणारं) प्रमाण निघालं 0.7 टक्के. बरेचसे यकृत आणि प्लीहाच अडवतात.

त्यामुळे "आमच्या मामांना मिळेल का?" याला माझं उत्तर, आज तरी नाही. कुणी 'नॅनो गोल्ड'चं पॅकेज विकत असेल तर पैसे भरण्याआधी चाचणीचा सीटीआरआय (माणसांवरच्या चाचण्यांची भारतातली अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि तो सीटीआरआयच्याच संकेतस्थळावर स्वतः तपासा. भारतात 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे.