जॉन हाउलँडपासून सासूबाईंपर्यंत

माझ्या सासरी, मॅसॅच्युसेट्समध्ये, एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: आपला मूळपुरुष जॉन हाउलँड १६२० साली इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत आला. गोष्ट सगळ्यांना पाठ, पण कागद कुणाकडेच नाही. मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेत रीतसर नाव लागावं अशी सासूबाईंची फार इच्छा होती, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. माझं माहेर सांगलीकडचं. सुगी झाली की हेळवी दारात यायचा, वहीतून आमच्या पिढ्या वाचून दाखवायचा आणि धान्य घेऊन जायचा. इथे हेळवी नाही. कोण कुणाची मुलगी, हे प्रत्येक पिढीला कागदाने सिद्ध करावं लागतं.

हाउलँड काही बडा माणूस नव्हता. पुढे वसाहतीचा पहिला गव्हर्नर झालेल्या जॉन कार्व्हरचा नोकर म्हणून तो जहाजावर चढला. वादळात समुद्रात फेकला गेला, पण पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला. हे कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवलंय. जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. एलिझाबेथ टिलीचे आईवडील त्यांतलेच. पुढे त्या पोरक्या मुलीशी जॉनचं लग्न झालं. त्यांना १० मुलं झाली आणि दहाही जणांचा वंश पुढे चालला. म्हणून आज त्यांचे वंशज लाखोंनी आहेत.

काम स्वतःपासून सुरू करून मागे मागे जायचं. जन्माचा दाखला आईवडिलांची नावं असलेला, सविस्तरच लागतो. मॅसॅच्युसेट्सने १८४१पासून जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी राज्य पातळीवर ठेवल्या, त्यामुळे तिथपर्यंतचा रस्ता सरळ होता. दुसऱ्या टोकाला, मेफ्लॉवरच्या प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या अभ्यासकांनी तपासून छापल्या आहेत. अडचण असते ती मधल्या शे-सव्वाशे वर्षांची. इंटरनेटवर आयत्या वंशावळी भरपूर मिळतात, पण बहुतेकांनी एकमेकांचंच उतरवून घेतलेलं असतं. एका ठिकाणी तर मुलगी आईपेक्षा फक्त नऊ वर्षांनी लहान होती! मी त्या फक्त दिशा कळावी म्हणून पाहिल्या, पुरावा म्हणून एकही धरली नाही.

आमची ओळ जॉनची मुलगी डिझायर आणि तिचा नवरा जॉन गोरम यांच्यावरून येते. हे कुटुंब केप कॉडवरच्या बार्नस्टेबलचं. तिथलं कोर्ट १८२७ साली जळालं आणि जमिनीच्या खरेदीखतांचे जवळपास सगळे खंड गेले. मृत्युपत्रं मात्र बरीच वाचली. पुढे यांच्यातले काही उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या गोरम गावी गेले. गावाला नाव याच कॅप्टन गोरमच्या घराण्यावरून पडलं. ती जमीन १६७५-७६च्या युद्धात लढलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना बक्षीस म्हणून वाटलेली, आणि ते युद्ध होतं वाम्पानोआग आणि नॅरागॅन्सेट या तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्ध. मेफ्लॉवरच्या लोकांनी वसवलेलं प्लिमथसुद्धा वाम्पानोआगांच्या पटक्सेट गावाच्या जागेवर वसलं. ते गाव आधीच्या साथीत ओस पडलं होतं. मूळपुरुषाचा अभिमान मिरवायचा आणि जमीन कुणाची होती ते गाळायचं, हे मला पटत नाही. घरच्या फाइलमध्ये मी ते पहिल्याच पानावर लिहिलं. सासूबाईंनी वाचलं आणि राहू दे म्हणाल्या.

घोडं अडलं ते मेनमध्ये. तिथे राज्याची नोंदणी १८९२ साली सुरू झाली. त्याआधी गावाच्या कारकुनाने लिहिलं तेवढंच. आमच्या ओळीतल्या एका बाईचं लग्न गावच्या वहीत सापडलं, पण वडिलांचं नाव तिथे नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, थडग्यावर ‘अमक्याची बायको’ एवढंच. मी तिच्या गावातल्या त्याच आडनावाच्या सगळ्या पुरुषांची मृत्युपत्रं वाचली. एकातही ती नाही.

वाट सापडली ती पेन्शनच्या कागदांत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना १८३६ आणि १८३८च्या कायद्यांनी पेन्शन मिळू लागली. त्यासाठी लग्न सिद्ध करावं लागे, आणि लग्नाचा दाखला नसलेल्या बायका घरच्या बायबलमधलं नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडत. ती पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका विधवेच्या फाइलमध्ये असंच पान निघालं: डावी कड फाटलेली, शाई तपकिरी झालेली, वर नवराबायकोची नावं, खाली ओळीने मुलांचे जन्म. चौथी ओळ आमच्या बाईची होती. मी ते नाव मोठ्याने वाचलं तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

जुन्या तारखांचं एक सांगून ठेवते. १७५२पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जॉनच्या मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी लिहितात. अर्जात ती तशीच लिहावी.

आणि दगडावर कोरलंय म्हणून विश्वास ठेवू नये. एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरच्या घराण्यातली, असं एकोणिसाव्या शतकातही सगळे मानत. प्लिमथच्या दफनभूमीतल्या दगडावरही तसंच कोरलेलं होतं. मग १८५५ साली ब्रॅडफर्डचं हरवलेलं हस्तलिखित लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडलं आणि ती जॉन टिलीची मुलगी असल्याचं कळलं. मला या साऱ्या शोधात तीच सगळ्यांत जवळची वाटते. १६८६च्या मृत्युपत्रात तिने मुलगी लिडियाला पिसांची गादी, हिरवं पांघरूण, लहान पितळी भांडं आणि छोटं बायबल दिलंय. डिझायर तेव्हा हयात नव्हती, पण तिची बहीण काय पांघरत होती हे तरी कळलं.

संस्थेच्या वंशावळ तपासनिसांनी अर्ज बारकाईने पाहिला, एका लग्नाचा आणखी एक पुरावा मागितला आणि मग मंजूर केला. आता नणंदेच्या मुलांचे अर्ज भरतेय. सासूबाईंपर्यंतची साखळी मान्य झाल्यामुळे त्यांना फक्त पुढच्या दोन पिढ्यांचे दाखले जोडायचे आहेत.