आमची वाटचाल : बाटलीपासून ढिगापर्यंत

इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर दोन ड्रम होते, तिथून सुरुवात झाली. अझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा असली मातीला उपयोगी जिवाणू-बुरशीची जिवंत कल्चरं आणून बाटल्या भरायच्या आणि बागांना विकायच्या. भर मेच्या उन्हात बाटल्या टेम्पोत तापत. आत काही जिवंत उरतंय का, हे तपासायचं सुचलंही नाही.

मग एका नव्या कॉलनीची बाग मिळाली. आम्ही कल्चर ओतलं, रोपं लावली. पावसाळा संपेतो निम्मी मेली. सेक्रेटरी साहेबांनी अर्धे पैसे अडवले. राग आला, पण एक रोप उपटलं आणि गप्प बसले. वीतभर काळ्या मातीखाली सिमेंटचा मलबा, त्यावर रोलर फिरलेला. पाणी तुंबून आंबूस वास येत होता.

सासरे कृषी महाविद्यालयात होते. म्हणाले, "सूनबाई, जीव विकतेस, पण त्यांच्या हवेचं आणि जेवणाचं काय?" अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांची कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' त्यांच्याकडूनच कळली. ती १९२४ ते १९३१ या काळात इथेच बसवलेली! पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख. मधूनमधून उलथायचं, आणि तीन महिन्यांत खत. ढीग साठ अंशांपर्यंत तापतो, तणाचं बी त्यातच मरतं. निवला की मातीला पहिल्या पावसाचा वास सुटतो, तो ऍक्टिनोमायसीट नावाच्या जिवाणूंचा.

आता आधी मलबा काढतो, सब्बलीने जमीन फोडतो, मग खत आणि वर पाचोळा. करंजाला पहिला मान, कारण त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. मायकोरायझा ही बुरशी मात्र ओतत नाही, रोपाची मुळंच तिच्यात बुडवतो. मुळाला चिकटल्याशिवाय ती बुरशी जगत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) तिचे तंतू जिथून ओढून आणतात, तिथे मूळ पोचतच नाही.

अडचण एकच. आपलं शहर इतकं झाडलेलं की पाचोळा मिळायची मारामार! माळीदादांकडून पोत्याच्या भावाने घेतो.

बाटल्या अजून विकतो, फक्त मेमध्ये नाही. गेल्या श्रावणात त्याच सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. बाग पुन्हा करून द्या म्हणाले. केली. जुने अर्धे पैसे अजून यायचेत.