५९ नंबरची जर्सी

आमच्या घरी एक निळी जर्सी आहे, पाठीवर ५९ नंबर आणि वर नाव कीक्ली. ती घालून संध्याकाळी ओटल्यावर बसलो की येणारा-जाणारा हमखास विचारतो, भिया, हा कोणता प्लेयर? आता इंदूरमध्ये अमेरिकन फुटबॉल कोण बघतं, क्रिकेट, कुस्ती, कबड्डी झालं की आपल्याकडची यादी संपली. पण माझा आतेभाऊ शार्लटला बँकेत आहे, तिथली टीम कॅरोलिना पँथर्स, दादाने जर्सी पाठवली आणि तिच्या मागोमाग मला हा खेळ लागला. गेल्या महिन्यात भाच्याच्या डोक्याला लागलं तेव्हापासून हा ५९ नंबरवाला रोज आठवतोय, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

ल्यूक कीक्ली. जन्म १९९१ चा, सिनसिनाटीचा, कॉलेज बोस्टन कॉलेज. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात त्यात, पँथर्सनी त्याला नवव्या नंबरवर उचललं आणि पहिल्याच वर्षी पठ्ठ्याने १६४ टॅकल केले, म्हणजे तेवढ्या वेळा बॉलवाल्याला धरून पाडलं, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. दुसऱ्या वर्षी लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर. आठ सीझन खेळला, सात वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, पाच वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये. आणि २८ व्या वर्षी घरी.

लाइनबॅकर म्हणजे काय ते आधी सांगतो. डिफेन्सचे अकरा जण असतात, त्यातले सगळ्यात पुढचे धिप्पाड गडी समोरच्यांना नुसते अंगावर घेतात, सगळ्यात मागे पळणारे, आणि या दोघांच्या मधे लाइनबॅकर. मधल्याला माइक म्हणतात. कोचचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो, त्या हेल्मेटवर मागे एक हिरवा ठिपका असतो, आणि पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद. तिथून पुढे सगळं याच्यावर. समोरची मांडणी बघायची, आपल्या दहा जणांना ओरडून जागा बदलायला लावायच्या, आणि बॉल हलला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं की हे बॉल घेऊन पळणार की फेकणार. कीक्ली त्यासाठी बॉलकडे बघायचाच नाही, समोरच्या गार्डकडे, म्हणजे त्यांच्या पुढच्या फळीतल्या गड्याकडे बघायचा. गार्ड पुढे घुसला तर पळणार, पाय मागे घेऊन बसला तर फेकणार, आणि तो लाइन सोडून बाजूला धावला तर ज्या बाजूला धावला तिकडेच बॉल येणार.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो खरंच, कारण मी दहा वर्षं कबड्डीत डावा कोपरा खेळलोय आणि आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं होतं. चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, तोंड फसवतं, कंबर फसवत नाही. त्याच्या मागच्या पायाची टाच उचलली गेली की बोनस टाकणार, गुडघा वाकला की उडी मारणार. पकड हातात नसते, पकड त्या अर्ध्या सेकंदात असते, नंतर हात आपोआप जातात. तिकडे सात समुद्रापलीकडे १०८ किलोचा माणूस तेच करत होता.

कीक्लीच्या अंगावर मायक्रोफोन लावून काढलेले व्हिडिओ आहेत, जरूर बघा. समोरचे अजून उभे राहातायत तोवर हा ओरडून सांगतो की आता काय येणार आणि मग तेच येतं. दर आठवड्याला तासन्‌तास समोरच्या टीमचे जुने सामने बघायचा, घरी, हॉटेलात, मिळेल तिथे. मला सगळ्यात जास्त हे आवडतं. ताकद देवाने दिली असं म्हणता येतं, हे तर त्याने स्वतः बसून कमावलं.

डिसेंबर २०१३ चा न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्स टीमविरुद्धचा सामना, पाऊस पडतोय, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जायचं की नाही ते ठरणार, आणि या एका माणसाने त्या दिवशी २४ टॅकल केले. चोवीस! म्हणजे चोवीस वेळा शंभर-सव्वाशे किलोच्या पळत्या माणसाला जाऊन भिडायचं, खाली पाडायचं, उठायचं आणि पुन्हा वाचायला उभं राहायचं. पँथर्स १७-१३ ने जिंकले. तो सामना मी इतक्यांदा बघितलाय की कुठल्या टॅकलनंतर तो हेल्मेटवरचं पाणी झटकतो तेही पाठ झालंय.

मग २०१५ चा सीझन, टीम १५ सामने जिंकली आणि एकच हरली. पण पहिल्याच सामन्यात कीक्लीच्या डोक्याला मार लागला होता, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, तीन सामने बाहेर. परत आला, आणि प्लेऑफमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत समोरच्याचा पास मधेच पकडून थेट टचडाउनला, म्हणजे त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे घेऊन गेला. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच वाजता होता, दादाने तिकडे लॅपटॉप टीव्हीसमोर ठेवला आणि मी इकडे अंगावर गोधडी घेऊन बघतोय, आई उठून पोहे करायला लागली तेव्हा आपण हरत होतो. २४-१०. त्याच सामन्यात त्याच्या शेजारचा लाइनबॅकर थॉमस डेव्हिस दोन आठवड्यांपूर्वी मोडलेल्या हातात प्लेट घालून खेळला. त्याआधी त्याच गड्याचं एकाच गुडघ्याचं लिगामेंट तीनदा तुटलेलं, तीनही वेळा परत आलेला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण हाडाला प्लेट बसते, लिगामेंट नवीन घालता येतं, मेंदूला काय घालणार?

नोव्हेंबर २०१६. नोटबंदीचे दिवस, शुक्रवारी सकाळपासून बँकेच्या लाइनीत उभा होतो, आणि दादाचा व्हिडिओ आला. पुन्हा सेंट्सच, तेच शार्लटचं स्टेडियम. कीक्ली टॅकलला जातो, पडतो, आणि मग त्याला गाडीवर बसवून बाहेर नेतायत आणि तो रडतोय. नुसतं डोळ्यात पाणी नाही हो, हुंदके देऊन, श्वास घेता येत नाहीये, लहान मूल रडतं तसं. एवढा मोठा गडी! लाइनीत पुढचे-मागचे सगळे काकू-काका डोकावून बघायला लागले, एक काका म्हणाले काय झालं, पाय मोडला का. मी म्हटलं नाही काका, डोक्याला लागलंय. तर म्हणाले मग रडतो कशाला, रक्त तर कुठे दिसत नाहीये.

हेच, हेच वाक्य मी स्वतः ऐकलं होतं.

कॉलेजात असताना शहराबाहेर एका ओपन टूर्नामेंटमध्ये खेळत होतो, मातीचं मैदान. मी पायात घुसलो आणि चढाईवाल्याचा गुडघा सरळ कानशिलावर बसला. रक्त नाही, काही नाही. आमच्या कोचने तोंडावर पाणी मारलं, बोटं किती विचारलं, मी काहीतरी सांगितलं असेल, आणि पाठीत थाप मारून परत आत. दुसरा हाफ मी खेळलो असं सगळे सांगतात, दोन पकडी पण केल्या म्हणे. मला त्यातलं काहीच आठवत नाही, आजही नाही. घरी कसा आलो माहीत नाही. पुढचा दीड महिना ट्यूबलाइट सहन व्हायची नाही, पुस्तकाची ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचो, ते वर्ष गेलं माझं. कोचवर मी बरीच वर्षं चिडून होतो आणि खरं सांगू, अजूनही आहे, माणूस म्हणून तो वाईट नव्हता पण त्या दिवशी त्याला माझ्यापेक्षा गुण प्यारे होते.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतला मेंदू पाण्यातल्यासारखा हलतो तो हेल्मेटने थांबत नाही. म्हणून २०१७ पासून कीक्ली गळ्याभोवती एक पट्टी घालायला लागला, ती मानेच्या शिरा हलक्या दाबते म्हणजे डोक्यात थोडं जास्त रक्त राहातं आणि मेंदूला हलायला जागा कमी मिळते, अशी त्यामागची कल्पना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा डोक्याचंच निघालं, पुन्हा एक सामना बाहेर. तरी पुढची दोन वर्षं खेळला आणि नुसता खेळला नाही, शेवटच्या २०१९ मध्ये सगळेच्या सगळे १६ सामने, १४४ टॅकल. म्हणजे खेळ उतरला म्हणून गेला असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. १४ जानेवारी २०२०, आपल्याकडच्या संक्रांतीच्या तोंडावर, त्याने सांगितलं की बस. त्याचं म्हणणं एवढंच होतं की लहानपणापासून हा खेळ मला एकाच पद्धतीने येतो, वेगात आणि जोरात, आणि तसं आता जमेल की नाही मला माहीत नाही.

एक गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही, इथे लिहितो. कीक्लीला पँथर्सनी निवडलं ती तारीख २६ एप्रिल २०१२. त्यानंतर सहाच दिवसांनी, २ मे ला ज्युनियर सेआऊ गेला. तोही लाइनबॅकर, वीस सीझन खेळलेला, आख्ख्या सॅन डिएगोचा लाडका. ४३ व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. नंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली आणि सीटीई निघालं, वर्षानुवर्षं डोक्याला मार बसत राहिला की होणारा आजार, आणि तो माणूस गेल्यावरच नक्की कळतो. कीक्लीच्या आधी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलंड, हाही लाइनबॅकरच, फक्त एक सीझन खेळून २४ व्या वर्षी डोक्याच्या भीतीने खेळ सोडून गेला होता. तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. मला तो फार शूर वाटतो.

तर भाचा. सोळा वर्षांचा, डावा कोपरा, माझ्याकडूनच शिकलेला. सेमीफायनलला डॅश मारायला, म्हणजे चढाईवाल्याला धडक द्यायला गेला आणि स्वतःच्याच टीमच्या कव्हरला खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर याचं डोकं आपटलं. मी तिथेच होतो. उठला, हसला, पण उभा राहायला गेला तो चुकीच्या बाजूच्या कोपऱ्यात. मी ओरडतच मैदानात गेलो. डॉक्टर म्हणाले पूर्ण आराम, डोकेदुखी गेल्याशिवाय खेळणं नाही, आणि त्यानंतरही एकदम नाही, पायरी पायरीने. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर या वयात जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी ताईला दोनदा सांगितलं. रविवारी फायनल होती. टीमवाल्यांचे फोनवर फोन, थोडंसं तर लागलंय, पाच मिनिटं उतरव. ताई रडकुंडीला आली. भाचा माझ्याशी भांडला, मामा तू पण खेळला होतास ना दुसरा हाफ, तू तरी समज. मी म्हटलं हो खेळलो होतो, स्कोअर विचार मला. तो बघतच राहिला.

मग ओटल्यावर बसून मोबाइलवर तो नोव्हेंबरचा व्हिडिओ दाखवला त्याला. काहीच बोलला नाही, एकदाच विचारलं, हा परत खेळला का रे? म्हटलं खेळला, पण पुढचे सहा सामने बाहेर बसून मग.

फायनलला माझी जर्सी घालून बेंचवर बसला होता, त्याला गुडघ्यापर्यंत येते. थोडा वेळ गप्प, मग चढाईवाल्याचा पाय बघून आतल्यांना हळूच सांगायला लागला, बोनस, बोनस, आता उजवीकडून येणार, आणि चारातल्या तीन वेळा बरोबर. शेवटी पंचांनी येऊन दम दिला की बाहेरून सांगायचं नाही. आपली टीम चार गुणांनी हरली. येताना स्कूटरवर मागे बसून एक अक्षर बोलला नाही, राजवाड्यापाशी म्हटलं काही खातोस का, तर नको. रात्री जेवण झाल्यावर माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, मामा, तो चोवीसवाला सामना दाखव ना. म्हटलं मोबाइलवर नाही, डॉक्टरांनी स्क्रीन कमी सांगितलीय, तू डोळे मिटून पड, मी सांगतो. आणि पहिल्या टॅकलपासून सांगायला लागलो.