ऑक्सिजन ९७, तरीही धाप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की माझ्या छातीच्या ओपीडीत गर्दी वाढते. धूळ, पोत्यांची ओझी आणि वर बिडी. त्या दिवशी पन्नाशीतले एक हमालमामा मुलाच्या आधारानं आत आले, तेव्हा दम्याचाच पेशंट वाटावा असं सगळं होतं. फाइलमध्येही तेच: दोन इन्हेलर, थुंकीत टीबीचे जंतू नाहीत, एक्स-रे ठीक.

"पोतं ऱ्हाऊ द्या डॉक्टर, नुसता जिना चढलो तरी भाता चालू हुतोय," मामा म्हणाले.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ आलं. छातीत थोडी शिट्टी वाजत होती, पण एवढी धाप लागावी इतकी नाही. नाडी मात्र ११८. खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक.

कोविडनंतर हे यंत्र घराघरांत आलं. ९५ च्या वर आकडा दिसला की माणसं निर्धास्त होतात, म्हणून मुद्दाम लिहितो. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजननं भरलंय एवढंच ते सांगतं. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. मामांचं निघालं ५.८. फुफ्फुसं आपलं काम करत होती, पण ऑक्सिजन वाहून न्यायला रक्तच पुरत नव्हतं.

मग रक्त जात होतं कुठं? परसाकडला कशी होते, असं विचारल्यावर मामा मुलाकडं बघायला लागले. तो बाहेर गेल्यावर बोलले, "डांबरावानी काळी. लई दिस झालं." म्हणजे रक्त पोटातच पाझरत होतं. रात्री पोटात कळ येऊन जाग यायची, सोडा पिऊन परत झोपायचे. पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खायचे. दमा म्हणून इतकी औषधं झाली, पण पोटाचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे मला आजही फार लागतं.

लगेच ॲडमिट केलं, रक्त चढवलं आणि मिरजेत दुर्बिणीची तपासणी करून घेतली. लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा युरियाच्या पिवळ्या जेलीत टाकला आणि बघता बघता ती गुलाबी झाली. हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे अल्सर करणारा जंतू! हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशानं जठरातल्या आम्लात तग धरतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

मुलानं विचारलं, "म्हंजे पोटातलं जंतू छातीत गेलं व्हय?"

प्रश्न रास्त होता. फुफ्फुसाच्या काही आजारांत या जंतूचं 'व्हॅक-ए' नावाचं विष फुफ्फुसाच्या ऊतीत सापडलंय. प्रयोगशाळेत त्या विषानं फुफ्फुसाच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. सीओपीडीच्या (धुरानं-बिडीनं श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) रुग्णांत या जंतूचा संसर्ग जास्त आढळल्याचे अभ्यासही आहेत. पण बिडी, गरिबी आणि दाटीची घरं दोन्हीकडं असतात. त्यातून जंतूचा वाटा वेगळा काढणं अवघड. लहान मुलांच्या दम्यात तर काही अभ्यासांत उलटंच दिसलं: संसर्ग असलेल्यांत दमा कमी. म्हणून पोटातले जंतू मारले की दमा जाईल, असं मी कुणालाही सांगत नाही, त्यालाही सांगितलं नाही. मामांची धाप रक्तस्रावामुळं होती, आणि शिट्टी बिडीमुळं.

चौदा दिवसांचा चार औषधांचा कोर्स दिला. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन नको, असा मी आग्रह धरला. पोटाच्या या जंतूसाठी ते कधी कधी वापरतात, पण टीबीच्या जंतूंवरही त्याचा परिणाम होतो आणि लपलेला टीबी काही काळ झाकला जातो. खोकणाऱ्या माणसात ती जोखीम मला नको होती. पाठदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, म्हणून त्या बंद केल्या, लोहाच्या सुरू केल्या.

कोर्स संपून महिना उलटल्यावर श्वासाची युरिया चाचणी केली. जंतू गेले होते, हिमोग्लोबिन अकराच्या पुढं. मामा जिना चढून आले, पण शिट्टी होतीच. इन्हेलर चालू ठेवला आणि बिडीवरून बरंच बोललो.

निघताना मुलगा म्हणाला, आईलाही सारखी जळजळ होते. हा संसर्ग बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होतो, म्हणून त्यांचीही चाचणी करू म्हटलं. फक्त ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे आधी थांबवायला सांगितली, नाहीतर जंतू असूनही दिसत नाहीत.