चौघांचे चौदा झालो तेव्हा

चौघं होतो तोवर आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मीटिंग हा शब्दच नव्हता. मशीनपाशी उभं राहून मोठ्यानं बोललं की सगळ्यांना कळायचं. दोन वर्षांत चौदा झालो, आणि मी आपली तशीच मोठ्यानं बोलत राहिले.

मग एकदा पाचशे खोकी उंचीला एक सेंटिमीटर कमी निघाली. बदललेलं माप मी जाता जाता सांगितलं होतं. ज्याला सांगितलं तो दुपारीच घरी गेला, आणि मशीनवरच्या मुलाकडे जुनाच कागद. सगळा माल रद्दीत. मी तोंडाला येईल ते बोलले. कुणी उलट बोललं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रात्री हिशेब मांडला. चौघांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात ६. चौदा जणांत ९१. माणसं साडेतीनपट, निरोप हरवायच्या जागा पंधरापट! दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ऑर्डरला एकच जॉब कार्ड, म्हणजे त्या कामाचं माप लिहिलेला कागद. माप बदललं तर बदलणाऱ्याची सही, आणि जुनं कार्ड तिथंच फाडायचं. कंटाळवाणं काम, पण लागू पडलं.

माणसांचं मात्र कार्डानं भागेना. आमच्यातल्याच एका हुशार मुलाला मी सुपरवायझर केलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं. पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या काकांनाही ते तिथंच, इतरांबरोबर कळलं. संध्याकाळी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. "ताई, आता माझं इथं काय काम?"

"काका, तुमचा मान तसाच राहील," मी म्हटलं, आणि म्हणतानाच ते पोकळ वाटलं. त्यांना आदल्या दिवशी एकट्याला बसवून सांगायला हवं होतं. तेवढी पाच मिनिटं मी वाचवली होती. तुम्हाला काय करायला आवडेल, असं विचारलं तर गप्प. दोन दिवसांनी स्वतःच आले. "नव्या पोरांना ब्लेड बसवायला कुणी शिकवत नाही. दोघांची बोटं नशिबानं वाचलीत." तेव्हापासून काकांची सही झाल्याशिवाय मशीनला कुणी हात लावत नाही. सुपरवायझरलाही ती सही घ्यावी लागली. काकांनी त्याला तीनदा परत पाठवलं, त्यात थोडा राग असणारच.

पुढे व्यवस्थापनाचे अभ्यासक लॅरी ग्रायनर यांचा १९७२ सालचा एक लेख वाचनात आला. वाढत्या धंद्याचं पहिलं संकट नेतृत्वाचं, दुसरं हाताखालच्यांना निर्णयाची मोकळीक हवी असण्याचं. मला दोन्ही एकाच महिन्यात भेटली.

कारण प्रत्येक गोष्ट मला विचारायला येणाऱ्यांची माझ्या टेबलापुढची रांग हटत नव्हती. शेवटी वाटणी केली: कच्चा माल मागवणं, खराब माल अडवणं, कामगारांना जादा वेळ थांबवून घेणं सुपरवायझरनं ठरवायचं, पगार, दर आणि नवं गिऱ्हाईक माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात त्यानं चिकटवण नीट बसली नाही म्हणून एक गाडी दिवसभर रोखली. मी असते तर सोडली असती. खुर्चीतून उठले आणि परत बसले. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण माल परत आला नाही.

सगळे टिकले असं नाही. दोघं सोडून गेले. एकानं सरळ सांगितलं, पूर्वीची मजा राहिली नाही. खरंच होतं ते.

सवयीनं मी अजूनही कधी मशीनपाशी उभी राहून माप सांगायला लागते. मशीनवरचा मुलगा काही बोलत नाही. कार्ड आणि पेन पुढे करतो.