वजन तेवढंच, दंड मात्र बारीक

डायलिसिसवरच्या मामांचं क्रिएटिनीन (किडनीनं गाळायचा रक्तातला कचरा) साडेनऊवरून साडेसहावर आलं म्हणून मामी पेढे घेऊन आल्या. डायलिसिस तेवढंच असताना क्रिएटिनीन असं उतरलं की माझ्या, आहारतज्ज्ञाच्या, पोटात गोळा येतो. ते तयार होतं स्नायूंतून. स्नायू झिजले की तेही कमी. पण आकडा खाली आला की घरच्यांना वाटतं, किडनी सुधारली.

मामांचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, वर्षभर ५४ किलो. येताना ५६-५७, चार तासांत पाणी काढलं की परत ५४. टेक्निशियन खूश. पोषणाचा फॉर्म तर कुणीतरी पेशंटकडे न बघताच भरलेला, सगळीकडे 'नॉर्मल'.

डायलिसिस संपेपर्यंत मी थांबले. आधी मोजलं तर पाण्याचंच माप निघतं. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायची, शस्त्रक्रियेनं जोडलेली शीर) डाव्या हाताला, म्हणून टेप उजव्या दंडाला लावली. २१ सेंमी. कानशिलं बसलेली. अंगठा तर्जनीवर दाबायला सांगितला, तर मांस फुगून यायला हवं तिथे खळगा. आणि नडगीवर मोज्याचा खोल वळ. मांस गेलं होतं, त्या जागी पाणी भरलं होतं, काटा तिथल्या तिथे.

"एक दिवस पथ्य मोडलं नाही," मामी अभिमानानं म्हणाल्या, "वरणाचं वरचं पाणी तेवढं देते."

प्रोटीन कमी खायचं हे पथ्य डायलिसिसच्या आधीचं, आणि तेव्हा बरोबरच होतं. डायलिसिस लागलं की गणित उलटतं: किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं, कारण यंत्रातून दर खेपेला अमिनो आम्लंही वाहून जातात. पथ्य घालायला सगळे असतात, उठवायला कुणी नाही.

सगळ्यात सोपा उपाय अंड्याचा पांढरा बलक: प्रोटीन चांगलं, फॉस्फरस नगण्य. पण मामा माळकरी. मग घट्ट मुगाचं वरण, पनीर, आणि जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच, नंतर नाही. महात्मा फुले योजनेत डायलिसिस फुकट होतं, पनीर खिशातूनच आणावं लागतं.

ते लपलेलं पाणी काढायला डॉक्टरांशी वाद घालून ड्राय वेट हळूहळू ५१वर आणलं. रात्रीचा दम थांबला, पण मामी माझ्यावरच चिडल्या: "तुमचं ऐकायला लागल्यापासून तीन किलो उतरले, मॅडम!" मग जाता जाता हळूच, "धपाट्याच्या पिठात पांढरं कालवलं, त्यांना न सांगता, तर?"

मी नाही म्हणाले. माळ त्यांची आहे, माझी नाही. मामींना ते पटलेलं दिसलं नाही. गेल्या महिन्यात दंड अर्धा सेंमी भरला. कशानं, ते मी विचारलेलं नाही.